अठ्ठावीस तारखेच्या आत

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आज मोठेबाबा जे बोलले ते शब्दन्‌शब्द लिहून ठेवते. पुढे कोणी “मी असं बोललोच नाई” म्हणायला नको.

“अठ्ठावीस तारखेच्या आत गाडी पास करून दाखव. नाई झाली तर गाडी भंगारात आन् काजल आर्ट्सले.”

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सदाशिवराव. काजल त्यांची मुलगी. दहावीला तिला एकोणनव्वद टक्के मिळाले आणि वर्ध्याला अकरावी सायन्सला नंबरही लागला. पण एक सप्टेंबरपासून तिचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला आहे आणि पवनारच्या बाजूने आमच्या गावात येणारी पहिली एसटी सव्वानऊची. एवढ्यावरून मोठेबाबांनी ठरवलं, तिनं आर्ट्स घ्यावं. आर्ट्सचे तास अकराला. शाखा बदलायचा फॉर्म त्यांनी आणूनसुद्धा ठेवला आहे. तो द्यायची शेवटची तारीख तीस.

मी म्हटलं, मी सोडून देईन. आपल्याकडे गाडी आहे, माझ्याकडे लायसन्स आहे. सगळे हसले. गाडी म्हणजे २०१० सालची मारुती ८००. बाबांनी ती बोरगाव मेघेच्या एका रिटायर्ड मास्तरांकडून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही बैलजोडी विकली, तेव्हापासून रिकाम्या गोठ्यात ती उभी आहे. तिच्या रजिस्ट्रेशनला अठ्ठावीस तारखेला पंधरा वर्षं पुरी होतात. मग तपासणीत पास झाली तरच रस्त्यावर चालवता येते.

बाबा तिथेच बसले होते. आढ्याकडे बघत होते.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझा पदवीचा फोटो बाबांनीच भिंतीवर लावला. फोटो लावणं सोपं असतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

बंडूजी येऊन गेले. नालवाडीला त्यांचं गॅरेज आहे, आमची गाडी आजवर तेच बघायचे. बॉनेट उघडलं, दोन मिनिटांत बंद केलं आणि म्हणाले, हिच्यात आता काही राहिलं नाही.

मी मोबाईलवर सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घेतलं आहे, तीनशेवर पानांचं. इंग्रजी आहे पण चित्रं चांगली आहेत. चित्रातली एकेक वस्तू गाडीत शोधली आणि बंडूजींना विचारलं, इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर जो वॉल असायला हवा, थर्मोस्टॅट, तो कुठे आहे?

“तो मीच काढून टाकलता.”

“काऊन?”

“अवं, तो थंड्या मुलखातल्या गाड्यायले लागते. आपल्या इकडं काय काम त्याचं? काढून टाकला, टेन्शन खतम.”

मग मी एकेक विचारत गेले. रेडिएटरचा पंखा गरजेप्रमाणे आपोआप लागायला हवा, तो थेट बॅटरीला जोडला आहे. स्विच काढून टाकला. मागच्या दाराचं आतलं हँडल नाही. अडकायचं, काढून टाकलं. हँडब्रेकची केबल ढिली करून ठेवली आहे, कारण बाबा हँडब्रेक लावूनच गाडी चालवायचे. बंडूजी हे सगळं अभिमानाने सांगत होते. त्यांच्या हिशेबी गाडी दुरुस्त करणं म्हणजे तिच्यातून त्रास देणारी वस्तू काढून टाकणं.

काजलचं सायन्सही असंच. अडतं ना, काढून टाका.

मी त्यांना म्हटलं, काढलेलं सगळं मी परत बसवणार आहे, माझ्या हाताने. ते हसले नाहीत, हे मात्र लिहायला हवं. “दहाचा पाना घेजो चांगलावाला,” एवढंच म्हणाले आणि मोटारसायकलवर बसून गेले.

९ ऑगस्ट, शनिवार

चार दिवसांत फक्त रेडिएटर साफ झाला. आमच्या बोअरचं पाणी त्यात वर्षानुवर्षं ओतलं आहे. आतून चुन्याचे पापुद्रे निघाले. आई म्हणाली, चहाच्या भांड्याचं हेच होते ना आपल्या घरी, त्यात नवल काय. नवल नाही, पण भांडं आपण घासतो.

काल थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक बोल्ट काही केल्या हलेना. हाताची सालं निघाली. अंधार पडला म्हणून तसाच सोडून आले. सकाळी जाऊन पाना लावला तर बोल्ट बोटांनी फिरला. रात्रभर तेल मुरलं असणार. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंच आहे. मी तेल टाकलं होतं की नाही ते मात्र नीट आठवत नाही.

बाबा रोज गोठ्याच्या दाराशी बसून असतात. काही विचारत नाहीत, काही सांगत नाहीत. शेतात निंदण सुरू आहे, पण ते दुपारी वेळेवर घरी येऊन बसतात. मी विचारलं, काही काम होतं का? नाही म्हणाले. मला वाटतं, मी कधी हार मानते ते त्यांना बघायचं असावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

इंजिन सुरू झालं!

तिसऱ्या प्रयत्नात. आधी धूर, मग खोकला, मग एकसारखा आवाज. काजल धावत आली. काटा मध्यावर येऊन थांबला आणि थोड्या वेळाने पंखा आपोआप लागला. आम्ही दोघी त्या पंख्याकडे बघत उभ्या राहिलो. काजल म्हणाली, “ताई, हे फिजिक्सच होय ना?” मी म्हटलं, हो. तिने वहीत लिहून घेतलं.

मोठेबाबा कुंपणापलीकडून बघत होते. “आवाजाले काय, आवाज तर गिरणीचाही येते,” म्हणाले.

१७ ऑगस्ट, रविवार

हँडब्रेक झाला. दाराचं हँडल वर्ध्याच्या जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं, रंग वेगळा आहे. तपासणीची तारीख ऑनलाइन मिळाली, सव्वीस, मंगळवार. वायपर नवे बसवले.

माझा दहाचा पाना तीन दिवसांपासून सापडत नव्हता. आज तो अगदी डोळ्यांसमोर होता, बॅटरीच्या शेजारी, पुसून ठेवलेला. माझंच लक्ष नसतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. गाडीची नाही. सव्वीसला नापास झाले तर काजलच्या आयुष्यातली दोन वर्षं, आणि मग पुढची सगळी, माझ्या एका बोल्टमुळे गेली असं होईल. मी कोण होते तिला आशा दाखवणारी? पण मग वाटतं, आशा दाखवली नसती तर फॉर्म कधीच भरून झाला असता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले. जुने अजून चालले असते, पण बंडूजी म्हणाले तपासणीला नवेच बरे. गाडी दगडांवर चढवून चाकं काढली, पॅड बसवले, चाकाआडची लोखंडी तबकडी घासून चकचकीत केली. ही तबकडी चाकासोबत फिरते आणि दोन पॅड तिला दोन्हीकडून आवळतात, तेव्हा गाडी थांबते. एवढं साधं आहे. मग चाकं तशीच काढून ठेवून दुपारी वर्ध्याला गेले, गाडीचे विम्याचे कागद आणायचे होते.

संध्याकाळी आले तर दोन्ही चाकं बसवलेली, धुतलेली, गाडी जमिनीवर. बाबांनी केलं. म्हणाले, सणासुदीला तिले दगडावर काऊन ठेवाचं. मला राग आला. निदान विचारायचं तरी! नट तपासले, घट्ट होते, म्हणून काही बोलले नाही.

आज खांदशेकणी. उद्या पोळा. संध्याकाळी सगळ्या गोठ्यांत बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने हळद-तूप लावून शेकतात, वर्षभर जू ओढून खांदे आंबलेले असतात म्हणून. मग उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्याकडे दोन वर्षं ते नाही. तरी घरात तुपाचा वास होता आणि बाबांची बोटं पिवळी होती. मोठेबाबांच्या बैलांकडे गेले असतील.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी गाडी बाहेर काढली. काजल शेजारी बसली. गोठ्यापासून रस्त्यापर्यंत ठीक होतं. पुढे उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. पायाने पुरता जोर लावला, पेडल कडक, आणि गाडी आपली चाललेली. काहीतरी जळल्याचा वास आला, कढईत तूप करपतं तसा. मी हँडब्रेक ओढला. गाडी वाकडी झाली आणि शेताच्या धुऱ्यावर चढून कपाशीच्या पऱ्हाटीत थांबली. काजलला काही लागलं नाही. मलाही नाही. ती रडलीसुद्धा नाही. “ताई, घरी सांगू नको,” एवढंच म्हणाली. पण मोठेबाबा बैल धुवायला निघाले होते. त्यांनी सगळं पाहिलं.

चाकाच्या फटीतून आत बोट घातलं तर तेलकट, पिवळं. गाडीत कुठेच पिवळं तेल नाही. म्हणजे कोणीतरी बाहेरून टाकलं. काल दुपारी मी घरी नव्हते. गाडी नापास व्हावी असं गावात एकाच माणसाला वाटतं.

संध्याकाळी तोरणाखाली बैल जमले होते. झुली, बाशिंगं, डफडी. पोळा फुटायच्या आधी सगळं गाव उभं होतं. मी मोठेबाबांपुढे गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या ब्रेकवर तेल तुम्हीच टाकलं ना?

डफडी थांबली.

“मोठेबाबा, अट हरायची भीती वाटली तर तसं सांगायचं होतं. तेल काऊन टाकता?”

त्यांनी बैलांची वेसण दुसऱ्याच्या हातात दिली. “गाडीत माही पोरगी होती,” म्हणाले. “अट गेली चुलीत. तू माह्या दारात येजो नको.” आणि बैल न मिरवता निघून गेले.

बाबा माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलणार होते असं वाटलं. नेहमीप्रमाणे बोलले नाहीत.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी चाक काढलं.

तबकडीवर हळद. तूप. आणि पॅडच्या कडेला चिकटून करपलेला पळसाच्या पानाचा तुकडा.

मी बाबांना हाक मारली. ते जणू दाराआडच होते.

“बाबा, हे तुम्ही केलं?”

“खांद शेकला,” ते म्हणाले. “तू त्या तबकडीले एवढं घासून राह्यली होती. मले वाटलं, सारा भार तिच्यावरच येत असन. आवतणही देल्लं.”

“बाबा, तो खांदा नाही. तो ब्रेक आहे.”

ते खाली बसले. “मले काय माहीत, वर्षाली. गोठ्यात जे उभं राहते त्याचा खांद शेकतात, एवढंच मले येते.”

मी ओरडले. काजल मेली असती, मी म्हटलं. काल तोरणाखाली तुम्ही गप्प का राहिलात म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. तू बोलत होती तवा मले समजलं, असं ते हळूच म्हणाले, आन् मंग तोंडच उघडेना. दादाले मी सांगतो, म्हणून उठायला लागले. मी नको म्हटलं. आरोप मी केला आहे, चौघांत केला आहे. मीच जाईन.

ओरडायला नको होतं असं आता वाटतं. पण ब्रेक तो ब्रेक.

नवे पॅड तूप प्यायले आहेत, आता ते कामाचे नाहीत. आज तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत आहेत आणि वर्ध्याचं सामानाचं दुकान बंद आहे. जुने पॅड काढून कंपासपेटीच्या पट्टीने मोजले. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा बरेच जाड आहेत. तबकडी साबणाने आणि मग पेट्रोलने पुसली, तीनदा. जुनेच बसवले. बंडूजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, मी म्हनलं होतं नवेच टाक. मी म्हटलं, बंडूजी, तुम्ही तर थर्मोस्टॅटचं काय काम असंही म्हणाला होता. ते हसायला लागले.

२४ ऑगस्ट, रविवार

मोठेबाबांच्या दारात गेले. येऊ नको म्हणाले होते, तरी गेले. काजलची आई, काकू, पाणी घेऊन आल्या, मोठेबाबांनी त्यांना हातानेच थांबवलं.

मी सांगितलं, तेल तुम्ही टाकलं नव्हतं. ते तूप होतं, बाबांनी खांद शेकला. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले, त्याची माफी मागते. सगळ्यांसमोर मागायला तयार आहे.

खांद शेकला म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू असेल, सांगता येत नाही. “कैलास पहिल्यापासून असाच येडा,” म्हणाले.

मग मी म्हटलं, अठ्ठावीस तारीख अजून आलेली नाही. अट तुम्ही घातली होती आणि मी ती मोडलेली नाही.

“माफी मागाले आली का भांडाले?”

“दोन्ही.”

ते म्हणाले, त्या दिवशी गाडीत काजल होती. हे ते तीनदा म्हणाले. मुद्दा तो नव्हता, मुद्दा अटीचा होता, आणि ते मुद्द्यावर येतच नव्हते. शेवटी मीच उठले आणि म्हटलं, सव्वीसला कागद घेऊन येते.

संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर एकटीने वीस वेळा ब्रेक दाबून पाहिला. हळू, जोरात, उतारावर. वीसही वेळा थांबली. बाबा धुऱ्यावर उभे राहून दर वेळी एक खडा बाजूला ठेवत होते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गाडी बाबांच्या नावावर, म्हणून ते सोबत. मोठेबाबा म्हणाले होते की बंडूला चालवू दे. मी चालवली.

आरटीओत आमच्यापुढे चौदा गाड्या होत्या. तपासणारे साहेब तरुण होते. चॅसिस नंबर, दिवे, हॉर्न, सगळं ठीक. वायपर लावायला सांगितले तर दोन्ही एकमेकांत अडकले. मी डावा वायपर उजवीकडे बसवला होता. मागे रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं. साहेबांसमोरच ते अदलाबदल करून बसवले, दोन मिनिटं लागली. मग ब्रेक. वेग घ्यायला लावला आणि हात वर केला. गाडी सरळ रेषेत थांबली. हँडब्रेक चढावर. तोही.

साहेबांनी बाबांना विचारलं, काका, मेकॅनिक कोण?

“हे,” बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. मला वाटलं संपलं. पण ते पुढे बोलायला लागले. रेडिएटर खोलून धुतला. पाण्याचा वॉल नव्हता, तो बसवला. बोल्ट निघत नव्हता, तरी सोडला नाई. पंखा आता आपोआप लागते. हँडब्रेकची केबल. दाराचं हँडल. एकही गोष्ट सुटली नाही आणि सगळं मी केलं त्याच क्रमाने. साहेब कागद हातात धरून ऐकत राहिले. मागची रांगसुद्धा. एवढं सलग बोलताना मी बाबांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांना हे सगळं माहीत कसं, ते कळत नाही.

पास.

कागदाची प्रत मोठेबाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. ना हो म्हणाले, ना नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस. सकाळपासून मोठेबाबांच्या घराकडे डोळे. ते कुठेच गेले नाहीत. बाबा दुपारी त्यांच्याकडे गेले ते दिवेलागणीला आले. काय झालं विचारलं, तर म्हणाले, चहा प्यालो.

काकूंनी निरोप पाठवला, सोमवारी सहाला ये.

१ सप्टेंबर, सोमवार

सहाला पाच मिनिटं असताना त्यांच्या दारापुढे हॉर्न वाजवला. काजल पांढरा कोट पिशवीत घालून तयार. पण तिच्याआधी मोठेबाबा बाहेर आले आणि पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. वर्ध्यात काम आहे म्हणाले. काजल मुकाट्याने मागे.

पवनारपर्यंत त्यांनी हँडब्रेकच्या दांड्यावरचा हात काढला नाही. हायवेवर ट्रक आला की म्हणत, हळू. मी चाळीसने चालले होते. धाम नदीच्या पुलावर म्हणाले, दोन्हीकडं पाह्य. पुलावर दोन्हीकडे फक्त पाणी असतं. मला फार राग येत होता. पास झालेल्या गाडीवर, ती पास करून दाखवणाऱ्या बाईवर इतका अविश्वास? पण बोलले नाही, गाडी चालवत होते.

सात वाजून दहा मिनिटांनी कॉलेजच्या फाटकात. काजल उतरली आणि मागे न बघता आत गेली. मोठेबाबा ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, चल.

मी विचारलं, तुमचं काम?

“झालं,” ते म्हणाले. गावात उतरताना विचारलं, “उद्या किती वाजता?”

सहालाच, मी सांगितलं. आणि हेही सांगितलं की उद्यापासून यायचं असेल तर मागे बसावं लागेल. पुढची सीट काजलची आहे.